पंचांसमक्ष जाळलेली फ्लॉपी

"जुनी फ्लॉपी द्या," असं म्हणून मी हात मागे केला. नजर स्क्रीनवरच होती. हातावर फ्लॉपी पडायच्या ऐवजी एक खाकी पाकीट पडलं. पाकिटावर लाखेचे पाच शिक्के होते.

"हे काय?"

"फ्लॉपी," शेंडे मुन्शी म्हणाले. "म्हंजे तिची राख. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जाळली. पंचनामा संगंच हाय."

मी खुर्चीत गर्रकन वळलो. मुन्शी गंभीर होते. त्यांच्या मागे मुळे वकील उभे होते, तेही गंभीर. मला वाटलं थट्टा करताहेत. पण मुळेसाहेबांनी आयुष्यात कधी थट्टा केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. कॉम्प्युटर विकणाऱ्या एका कंपनीच्या नागपूर शाखेत मी सर्व्हिस इंजिनीअर होतो. शाखा म्हणजे दोन टेबलं, एक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणि मी. मुळे वकिलांचं ऑफिस धंतोलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली इतके पेशंट असायचे की निम्मे लोक डॉक्टर समजून वकिलांकडेच चढायचे. मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. फायली, तारखा, कोर्टातल्या खेपा, सगळं शेंडे मुन्शींकडे. कॉम्प्युटर आल्यापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत.

मुळेसाहेबांनी आमच्याकडून मराठी ऑफिस पॅकेज घेतलं होतं. एकात तीन गोष्टी: पत्रं-अर्ज लिहायचे, तक्ते करायचे आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या. त्याची नवीन आवृत्ती आली होती आणि ती बसवायला मी त्या सोमवारी साडेदहाला गेलो होतो.

आता लायसन्सची भानगड सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यावर आहे. त्या काळी लोक एक पॅकेज घेऊन दहा मशीनवर चढवत. म्हणून कंपनीने युक्ती केली होती. पॅकेजसोबत एक फ्लॉपी यायची, तिला आम्ही किल्ली-फ्लॉपी म्हणायचो. तिच्यात एकच लायसन्स असायचं. पॅकेज बसवलं की ते लायसन्स फ्लॉपीतून निघून मशीनच्या हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसायचं आणि फ्लॉपी रिकामी व्हायची. दुसरीकडे बसवायचं असेल, किंवा नवीन आवृत्ती घ्यायची असेल, तर आधी ते लायसन्स मशीनमधून काढून त्याच फ्लॉपीत परत टाकायचं. ग्रंथालयात पहिलं पुस्तक परत केल्याशिवाय दुसरं मिळत नाही, तसं. फक्त इथे पुस्तक ठेवायचं कपाटच शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी जळालं होतं.

"पण साहेब, जाळली कशाला?"

मुळेसाहेबांनी चष्मा लावला. नवीन पॅकेजच्या पाकिटावर मागे मुंगीएवढ्या अक्षरात अटी छापलेल्या असतात. मी स्वतः त्या कधी वाचल्या नव्हत्या. ज्यांनी छापल्या त्यांनीही वाचल्या नसाव्यात.

"अट क्रमांक नऊ," मुळेसाहेब म्हणाले. "नवीन आवृत्ती स्वीकारताच परवानाधारकाने जुन्या आवृत्तीचे माध्यम पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने नष्ट करावे व नष्ट केल्याचा पुरावा जतन करावा. आम्ही शनिवारी आवृत्ती स्वीकारली. नष्ट केलं. पुरावा तुमच्या हातात आहे."

"अहो, पण मी यायच्या आधी?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात, गावंडे. पाकीट पाठवतोय, तोवर अटी वाचून सगळी तयारी करून ठेवा."

म्हणालो होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचो. नमस्कार म्हणतो तसं. त्याचा कोणी असा अर्थ घेईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि खरी चूक पुढेच आहे, तीही माझीच. किल्ली-फ्लॉपी हातात असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी घाईत नवीन फ्लॉपी घातली आणि काम सुरू केलं. नवीन आवृत्तीने इमानदारीने जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. मग ती थांबली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या: "जुन्या आवृत्तीचा परवाना शिल्लक आहे. जुनी किल्ली-फ्लॉपी घाला." म्हणजे जुनं गेलं होतं, नवीन यायला तयार नव्हतं आणि मध्ये ते शिळं लायसन्स ठाण मांडून बसलं होतं.

"मग उद्या या," असं मुळेसाहेब म्हणतील म्हणून मी बॅग आवरायला घेतली. तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला.

"झालं का जी? निघते ना माझं अपील?"

तोपर्यंत मला वाटत होतं की त्या बाई खालच्या दवाखान्यातल्या पेशंट आहेत, चुकून वर आल्यात. त्या होत्या ढोले मास्तरीणबाई. काटोलकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. संस्थाचालकांशी वाजलं आणि त्यांनी बाईंना नोकरीवरून काढून टाकलं. त्याविरुद्ध अपील करायचं होतं. अपील लिहून तयार होतं. अडतीस पानं. शुक्रवारी शेवटच्या दुरुस्त्या झाल्या होत्या. सगळं त्या मशीनमध्ये होतं, कागदावर एक ओळही नव्हती. आणि अपिलाची मुदत आज पाच वाजता संपत होती.

मी बॅग खाली ठेवली. बाईंकडे बघवेना. त्यांनी मांडीवर डबा धरला होता आणि चेहऱ्यावर पूर्ण विश्वास होता, तोही माझ्यावर.

"फाईल तर मशीनमध्ये आहे ना?" मुळेसाहेबांनी विचारलं.

"आहे. पण आमची मराठी अक्षरं आमचाच प्रोग्रॅम वाचू शकतो." मी दाखवलं. प्रोग्रॅमशिवाय फाईल उघडली तर स्क्रीनवर नुसते चौकोन, टिंबं आणि ग्रीक अक्षरं.

मुन्शींनी वाकून पाहिलं. "ह्याच्यात ढोलेबाई कुठी हायेत?"

"सगळीकडे आहेत. दिसत नाहीत."

"तर मंग ते लायसन्सच काढून फेका ना."

तेच तर होत नव्हतं. लायसन्स डिस्कवर लपवून ठेवलेलं असायचं. यादी काढली तर नाव दिसायचं नाही. जबरदस्तीने उचकटायला गेलं तर पॅकेज कायमचं कुलूप लावून घ्यायचं. हे मी मुळेसाहेबांना समजावलं.

"म्हणजे वस्तू आहे, पण दिसत नाही. जागा आहे, पण सांगता येत नाही. आणि तिला हात लावला तर गुन्हा," मुळेसाहेब म्हणाले. "असा मुद्देमाल मी तीस वर्षांत पाहिला नाही."

मुन्शींनी एक मार्ग सुचवला. पाकीट फोडून राख मशीनच्या फटीत घालून बघावी. "वस्तू तर तेच हाय ना जी. फक्त रूप बदललं." मी नको म्हणालो. मुळेसाहेब मात्र क्षणभर विचार करत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

साडेअकराला मुन्शींनी कपाटावरून जुना टाइपरायटर उतरवला. त्याच्यावरचं कापड त्यांनी ज्या मायेने काढलं ते पाहून मला जरा लागलंच. मुळेसाहेब आठवून सांगणार आणि मुन्शी टाइप करणार, असं ठरलं. योजना बरी होती. पण मुळेसाहेब बोलता बोलता प्रत्येक वाक्य सुधारत. "'अन्यायाने' खोडा, 'सर्वस्वी अन्यायाने' करा. नको, 'सर्वस्वी' काढा." टाइपरायटरवर खोडता येत नाही, पान बदलावं लागतं. साडेबाराला दुसरं पान अर्धं झालं होतं आणि टोपली भरली होती.

मी मुंबईच्या ऑफिसला ऑपरेटरमार्फत अर्जंट ट्रंककॉल लावला. बाहेरगावी थेट फोन लावायची सोय मुळेसाहेबांनी मुद्दाम घेतली नव्हती. खालचे पेशंट येऊन फोन मागतील ही त्यांना भीती. लायसन्सचं खातं मुंबईत कर्णिक नावाच्या गृहस्थांकडे होतं. कॉल लागायला दीड वाजला.

"किल्ली-फ्लॉपी खराब झाली तर ती रजिस्टर पोस्टाने परत पाठवायची," कर्णिक म्हणाले. "तपासून तीन आठवड्यांत दुसरी देतो. पुस्तिकेत आहे, पान चौदा."

"फ्लॉपी जळाली आहे."

"जळाली! मागच्या आठवड्यात एकाची उंदराने खाल्ली. एकाची विहिरीत पडली. गावंडे, लोक ती मेव्हण्याला देतात आणि मला कहाण्या सांगतात. पुरावा काय?"

मी रिसीव्हर मुळेसाहेबांकडे दिला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय असावा, आणि तो मी केवळ वैतागून घेतला होता.

"नमस्कार," मुळेसाहेब म्हणाले. "पुरावा वाचतो. लिहून घ्यायचा असेल तर घ्या." त्यांनी पंचनामा उघडला. पंचनामा म्हणजे दोन त्रयस्थ माणसांसमोर जे घडलं त्याची सह्यांनिशी नोंद. हा चार पानी होता. "'आम्ही खाली सही करणारे पंच, एक, बबन कारू मेश्राम, वय वर्षे बावन्न, धंदा चहाची टपरी, दोन, वसंत डोंगरे, वय वर्षे एकेचाळीस, धंदा कंपाउंडरी, आज रोजी अॅडव्होकेट मुळे यांच्या कार्यालयात हजर राहून खालीलप्रमाणे पंचनामा करून देतो की, आम्हांस एक काळी चौकोनी पातळ वस्तू दाखविण्यात आली. सदर वस्तू वाकविली असता वाकते. सदर वस्तूस मधोमध एक गोल छिद्र असून…'"

"साहेब, एवढं नको," पलीकडून आवाज आला. मुळेसाहेबांनी तो मनावर घेतला नाही.

"'…सदर वस्तू लोखंडी घमेल्यात ठेवून तीवर रॉकेल ओतण्यात आले. प्रथम काडी विझली. दुसरी काडी पेटली. सदर वस्तूने आधी आकसून, नंतर काळा धूर सोडून…'"

मध्येच ऑपरेटर बाई आल्या. "तीन मिनट हो गए. बढाऊं?"

"बढाइये," मुळेसाहेब म्हणाले.

"नको!" कर्णिक ओरडले. पण कॉल आमचा होता.

धुराचा रंग, वास, खोकला आलेला पंच क्रमांक दोन, उरलेल्या राखेचं चमच्याने मोजलेलं माप, लाखेच्या शिक्क्यांची संख्या. सगळं झालं. ऑपरेटर बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं नाही, नुसतं "बढा दिया" म्हणाल्या. माझी खात्री आहे की त्या ऐकत होत्या.

"आता कायद्याचा मुद्दा," मुळेसाहेब म्हणाले. कर्णिकांनी सोडलेला श्वास मला दोन हातांवरून ऐकू आला. "तुमच्या पाकिटावरची अट नऊ सांगते, फ्लॉपी नष्ट करा. तुमच्या पुस्तिकेचं पान चौदा सांगतं, फ्लॉपी परत पाठवा. एकच वस्तू नष्ट करून परत कशी पाठवायची, याची कृती आपण लेखी कळवावी. तोपर्यंत माझ्या अशिलाचं जे नुकसान होईल…"

"सोडवणूक कोड देतो!" कर्णिक म्हणाले. "गावंडेला फोन द्या. कृपा करून गावंडेला फोन द्या."

असा काही कोड असतो हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवरचा एक नंबर मी कर्णिकांना सांगायचा, त्यावरून ते सोळा अक्षरं-आकड्यांचा कोड काढणार, तो मशीनमध्ये घातला की अडकलेलं लायसन्स फ्लॉपीशिवाय निघणार. मात्र तीनच संधी. तिन्ही चुकल्या तर कुलूप कायमचं. मी कोड कागदावर उतरवून घेतला. ऑपरेटर बाईंनी एकेक अक्षर आपणहून परत म्हणून दाखवलं. त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अडीच वाजले होते. मी कोड घातला. "चूक. दोन संधी शिल्लक." एक आकडा दोनदा दाबला गेला होता. पुन्हा घातला. बोटांना घाम आला होता, शेजारची कळ दाबली गेली. "चूक. एक संधी शिल्लक."

मुन्शींचा टाइपरायटर थांबला. मी कळफलकापासून हात उचलले आणि सरळ सांगून टाकलं, "माझ्याच्यानं होत नाही."

ढोलेबाई बाकावरून उठल्या. डबा खाली ठेवला आणि माझ्या हातातून कागद घेतला.

"काहून होत नाही? सरळ बसा. पाठ ताठ. मी एक अक्षर सांगीन. तुमी ते मोठ्यानं म्हना, मंग दाबा. दाबल्यावर तिकडं पाहा, बरोबर आलं का. मी म्हनल्याबिगर पुढचं लिवायचं नाही. समजलं?"

"हो बाई," मी म्हणालो. वयाच्या तिसाव्या वर्षी.

बाईंनी वर्गात शुद्धलेखन घालावं तसा तो कोड घातला. पाचव्या अक्षराला मी जरा पुढे धावलो तर त्यांनी टेबलावर पट्टी आपटली. ती पट्टी त्यांना कुठे मिळाली कोण जाणे. सोळावं अक्षर झालं. "आता पुन्ना सारं वाचून दाखवा." वाचून दाखवलं. "हं. दाबा."

स्क्रीनवर ओळ आली: "जुना परवाना काढण्यात आला आहे."

मला रडू यायचंच बाकी होतं. मुन्शींनी टाइपरायटरवरचं पान हळूच काढून घेतलं.

"मुन्शी, पंचांना बोलवा," मुळेसाहेब म्हणाले. "परवाना काढल्याचीही नोंद व्हायला हवी. पंच क्रमांक एकला विचारा, टपरी सोडून…"

"साहेब!" ढोलेबाई कडाडल्या. "पंचनामा मंग करा. आधी माझं अपील काढा!"

मुळेसाहेबांना कोणी असं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "काढा, गावंडे."

नवीन आवृत्ती चढली, फाईल उघडली आणि चौकोन-टिंबांच्या जागी ढोलेबाई दिसू लागल्या. तेव्हाचा प्रिंटर मराठीचं एक पान दीड मिनिट कुरकुरत छापायचा. आम्ही मध्ये कार्बन असलेला तिहेरी कागद लावला, म्हणजे एका फेरीत तीन प्रती. अडतीस पानं व्हायला चार वाजले. कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायला सगळे लागलो. सव्वाचारला मुन्शींच्या मोपेडवर मुन्शी आणि बाई, माझ्या स्कूटरवर मागे मुळेसाहेब काळ्या कोटात, असे आम्ही निघालो.

अपील दाखल करायच्या कचेरीच्या व्हरांड्यात मुन्शींनी पानं शेवटची चाळली आणि ते मटकन खाली बसले.

"गावंडेभाऊ, हे काय छापून राहिलं तुमचं मशीन?"

प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक पण स्वच्छ अक्षरात, एक ओळ होती: "नवीन आवृत्ती घेतल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन!" नवीन आवृत्तीची ही खास भेट होती. ती बंद करायची सोय होती, ते मला नंतर कळलं. "अपीलकर्तीस कोणतीही चौकशी न करता सेवेतून काढण्यात आले," आणि खाली लगेच अभिनंदन. अडतीस पानं, तीन प्रती.

"खोडा," मुळेसाहेब म्हणाले. "प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही लागेल."

चार पेनं निघाली. मुन्शी, बाई आणि मी व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून अभिनंदन खोडत होतो आणि मुळेसाहेब ओणवे होऊन आद्याक्षरं करत सरकत होते. येणारे-जाणारे थांबून बघत. एकाने विचारलं, "काय करून राहिले गा हे लोकं?" त्याला उत्तर द्यायला कोणाला फुरसत नव्हती. शेवटच्या पंधरा पानांवर मुळेसाहेबांचं "मु" नुसती रेघ झालं होतं.

पाचला सात कमी असताना मुन्शी खिडकीशी पोहोचले. आतल्या कारकुनाने गठ्ठा उचलला, पानं चाळली, एकशेचौदा खाडाखोडी पाहिल्या आणि मुळेसाहेबांकडे पाहिलं. मुळेसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. धप्पकन शिक्का बसला. मुन्शींनी तारखेचा शिक्का मारलेली प्रत आणून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती आधी पूर्ण वाचली, पहिल्या पानापासून, व्हरांड्यातच उभं राहून. मग डबा उघडला आणि आम्हां तिघांना जबरदस्तीने पोळी-भाजी खायला लावली. दिवसभर कोणी जेवलं नव्हतं. त्या पोळीची चव अजून आठवते.

अपील पुढे वर्षभर चाललं आणि बाई जिंकल्या. जून महिन्यात पुन्हा शाळेत रुजू झाल्या. त्यांचं पोस्टकार्ड आलं, "माझा वर्ग मला मिळाला," एवढंच. मी ते बरेच दिवस शर्टाच्या खिशात ठेवून हिंडलो.

कंपनीने चौकशी करून पुढच्या पाकिटावरची अट नऊ बदलली. "नष्ट करावे" काढून "परत करावे" घातलं आणि मला कानउघाडणीचं पत्र पाठवलं. मुळेसाहेबांना मी ती बातमी दिली तर ते म्हणाले, मसुदा अजूनही सदोष आहे, आणि दोन दिवसांत त्यांनी कंपनीला सहा पानी सूचना पाठवल्या. त्या सूचनांना कर्णिकांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. त्यांनी लायसन्सचं खातं सोडून विक्रीत बदली मागून घेतली, एवढं मात्र कळलं.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, जुनी किल्ली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवीन कामाला हात लावायचा नाही. दुसरी अशी की, आमचा अख्खा धंदा लोक अटी वाचत नाहीत या भरवशावर चालतो. म्हणून नवीन गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर मी आधी "व्यवसाय" हा रकाना बघतो. तिथे "वकील" असं लिहिलेलं असलं, तर पाकीट पोस्टाने पाठवत नाही. स्वतः घेऊन जातो, आणि जाताना घमेलं, रॉकेल नि काडेपेटी कुठे ठेवली आहे तेवढं विचारून घेतो.